धावपटू एरिक लिडल : छावणीतील दिवस

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एरिक लिडल यांची गोष्ट ठाऊक आहेच. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून हे स्कॉटिश तरुण ती धावले नाहीत, आणि पुढे ४०० मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. मुलांना हे सांगावेच. परंतु आपण बहुधा तेथेच थांबतो, आणि मुलगे समजतात की प्रभूचा खरा वीर कधी खचत नाही.

लिडल यांचा जन्म १९०२ साली चीनमध्ये मिशनरी घराण्यात झाला. १९२३ साली स्टोक येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत धक्का लागून ते पडले, इतर सुमारे २० यार्ड पुढे गेले, तरी उठून त्यांनी ती जिंकली. असा हा गडी! १९२५ साली ते चीनला परतून शिक्षक झाले. १९३२ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९४१ साली युद्धाचे ढग पाहून त्यांनी गरोदर पत्नी फ्लॉरेन्स व दोन मुलींना कॅनडाला पाठविले. तिसरी मुलगी त्यांना पाहावयास मिळालीच नाही.

१९४३ पासून ते वैशिएन येथील जपानी छावणीत कैदेत होते. आईबापांपासून दुरावलेल्या मुलांना ते विज्ञान शिकवीत, खेळवीत, मोडक्या हॉकी स्टिकांना चादरीच्या चिंध्या बांधून देत. रविवारी खेळ घेण्यास प्रथम त्यांनी नकार दिला. पण पंचावाचून खेळताना मुलांची मारामारी झाली, तेव्हा पुढच्या रविवारी ते स्वतःच पंच म्हणून उभे राहिले. (ज्यांना पॅरिसचा रविवारच माहीत आहे त्यांनी हेही मुलांना सांगावे.)

१९४५ च्या आरंभी त्यांचे डोके असह्य दुखू लागले, मन उदास झाले. डॉक्टरांना वाटले, अतिश्रमाने मज्जातंतू थकले. लिडल यांनाही तसेच वाटले, आणि त्याचाच त्यांना सल होता. आपला भार प्रभूवर टाकता यावयास हवा होता, आपण असे कोसळावयास नको होते, असे त्यांनी स्नेह्यांजवळ बोलून दाखविले. भांडणाऱ्या मुलांना समजून घेणारा हा माणूस स्वतःला मात्र बोल लावीत होता. आपल्यातील पुष्कळ पुरुष येथेच अडतात. डोळ्यांत पाणी आले तरी विश्वास उणा पडला असे धरून चालतात.

२१ फेब्रुवारी रोजी त्यांनी पत्नीला पत्र लिहिले. फार जबाबदाऱ्या अंगावर घेतल्या, त्यामुळे मन थोडे कोसळले, महिनाभराच्या विश्रांतीने आता बरे आहे, असे सरळ कळविले. लपविले नाही. त्याच संध्याकाळी ते प्रभूमध्ये निजले. वय ४३. शवविच्छेदनात मेंदूत गाठ सापडली.