मोतीहारीचा ऑर्वेल

एरिक आर्थर ब्लेअर ऊर्फ जॉर्ज ऑर्वेल याचा जन्म २५ जून १९०३ रोजी बिहारमधील मोतीहारी येथे झाला. वडील सरकारच्या अफू खात्यात होते. ईटनचे शिक्षण संपल्यावर १९२२ मध्ये तो ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाला; पाच वर्षांत त्या साहेबीचा उबग येऊन त्याने नोकरी सोडली. त्याच्या जीवनाला खरे वळण लागले ते मात्र स्पेनमध्ये.

फ्रँकोच्या फौजांशी लढण्यासाठी १९३६ च्या अखेरीस तो बार्सिलोनाला गेला. मे १९३७ मध्ये शत्रूची गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली. त्यातून तो बचावला. पण खरा घाव घातला तो स्वकीयांनी! ज्या 'पूम' या मार्क्सवादी पक्षाच्या तुकडीतून तो लढला, त्याच पक्षाला स्टालिनवाद्यांनी फॅसिस्टांचे हस्तक ठरविले. सोबती तुरुंगात गेले. ऑर्वेल व त्याची पत्नी आयलीन कसेबसे फ्रान्समध्ये निसटले.

या अनुभवातूनच पुढे 'ॲनिमल फार्म' जन्माला आली. मालकाला हाकलून जनावरे राज्य मिळवितात. मग दूध नि सफरचंदे डुकरांच्या वाट्याला जातात, आणि भिंतीवरचे नियम रातोरात बदलतात. आपल्या वऱ्हाडात बैलाला निदान पोळ्याचा एक दिवस तरी मिळतो. राबराब राबणारा बॉक्सर घोडा थकताच खाटकाला विकला जातो, आणि त्या पैशात डुकरे दारू आणतात!

अमरावतीच्या वीर वामनराव जोशींनी नाटकांतून परसत्तेवर प्रहार केले, तेव्हा स्वजन त्यांच्या पाठीशी होते. ऑर्वेलला तोही आधार नव्हता. १९४४ मध्ये रशिया इंग्लंडचा दोस्त होता. एकामागून एक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. नकार देणाऱ्यांत फेबरचे टी. एस. एलियटही होते. बीबीसीच्या हिंदुस्थान विभागात ऑर्वेल काम करीत असतानाचे १९४२ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात एलियट आहेत, ऑर्वेल आहे, आणि त्याच्या सहकारी, आपल्या मराठी वेणू चितळेही आहेत.

पुस्तक ऑगस्ट १९४५ मध्ये निघाले. ते लिहिले जात असताना ऐकणारी आयलीन त्याच मार्चमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी वारली होती. समाजवादाच्या विरोधकांनी पुस्तक डोक्यावर घेतले खरे, पण लेखक अखेरपर्यंत समाजवादीच राहिला, हे आपल्याकडील वादांत सोयीस्करपणे विसरले जाते.

क्षयाने पोखरलेल्या देहानिशी, जुरा बेटावर त्याने '१९८४' पुरी केली. २१ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, लंडनमध्ये त्याचे निधन झाले. थडग्यावरील शिळेवर नाव आहे ते एरिक आर्थर ब्लेअर. ऑर्वेलचा उल्लेख नाही.