राजा कालाकाउआ

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांत पूर्वी लिपी नव्हती. देवांच्या कथा व राजांच्या वंशावळी तेथील लोक पठणात व हुला नृत्यात जतन करीत. ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या प्रभावाने १८३० साली राणी काअहुमानूने हे नृत्य जाहीरपणे करण्यास बंदी घातली. पण जुन्या गुरूंनी ती विद्या गुपचूप जपली.

१८७४ मध्ये कालाकाउआ राजा झाला. ज्या नृत्याची लाज धरावयास लोकांना शिकविले होते, तेच त्याने १८८३ च्या राज्याभिषेकोत्सवात होनोलुलूच्या राजवाड्याच्या प्रांगणात उजळ माथ्याने करविले. टीकाकार खवळले, कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यावर अश्लीलतेचा खटलाही भरला गेला! राजा डगमगला नाही. १८८६ साली, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, त्याने पुन्हा हुला करविला. पुढच्याच वर्षी सशस्त्र विरोधकांनी त्याची बहुतेक सत्ता हिरावून घेतली. १८९१ मध्ये तो वारला. हिलो गावी दरवर्षी त्याच्या स्मरणार्थ हुला महोत्सव भरतो.