विश्लेषण : शहराच्या हवेत ओझोन कुठून येतो? अ‍ॅना मणी यांचे पुण्यातील काम आजही का महत्त्वाचे?

शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकात दिवसभर वाहनांची गर्दी असते. चौकाला हे नाव मिळाले ते १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलेल्या हवामान खात्याच्या कार्यालयामुळे. पुण्याच्या याच हवामान कार्यालयात १९४८ मध्ये अ‍ॅना मणी रुजू झाल्या. ऊन आणि ओझोन अचूक मोजण्याची पद्धत देशात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. चौकातल्या धुराशी या दोन्हींचा थेट संबंध आहे.

अ‍ॅना मणी कोण होत्या?

२३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे त्यांचा जन्म झाला. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याच्या कुड्या देऊ केल्या, तेव्हा त्यांनी त्याऐवजी ज्ञानकोश मागून घेतला. पुढे त्यांनी बंगळूरु येथे सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर संशोधन केले व पाच शोधनिबंध लिहिले. मात्र पदव्युत्तर पदवी नसल्याचे कारण देत मद्रास विद्यापीठाने पीएचडी नाकारली. १९४५ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. शिकायचे होते भौतिकशास्त्र, पण शिष्यवृत्ती मिळाली हवामान उपकरणांसाठी.

पुण्यात त्यांनी काय केले?

तेव्हा हवामानाची बहुतेक उपकरणे परदेशातून येत. ती देशातच बनावीत यासाठी मणी यांनी सुमारे १०० उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करून घेतले. १९५३ मध्ये त्या विभागप्रमुख झाल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा न मोजलेले बरे, ही त्यांची शिस्त होती. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी सौर किरणोत्सर्ग मोजणारी केंद्रे उभारली. १९६० च्या दशकात त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय ‘ओझोनसोंड’ तयार झाले. फुग्याला बांधलेल्या या उपकरणात हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून जाते. ओझोनमुळे आयोडीन मोकळे होते आणि त्यातून निर्माण होणाऱ्या विद्युतप्रवाहावरून ओझोनचे प्रमाण कळते.

ओझोन तर संरक्षक कवच, मग जमिनीजवळ घातक कसा?

उंचावरचा ओझोन अतिनील किरण अडवतो. तोच वायू श्वासात गेला, तर फुप्फुसांना इजा करतो आणि दमा बळावतो. जमिनीजवळचा ओझोन कोणत्याही धुरांड्यातून थेट बाहेर पडत नाही, तो हवेतच तयार होतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : ऊन, वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, म्हणजे ‘व्हीओसी’. पेट्रोल भरताना येणारा वास, रंगातील थिनर, कचरा जाळल्याचा धूर, सांडलेले रसायन हे सारे व्हीओसीचे स्रोत. झाडेही आयसोप्रीनसारखी संयुगे सोडतात.

व्हीओसी नेमके काय करतात?

उन्हात नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो, सुटा झालेला ऑक्सिजनचा अणू ऑक्सिजनच्या रेणूला जोडला जातो आणि ओझोन बनतो. एरवी नायट्रिक ऑक्साइड हा ओझोन लगेच खाऊन टाकतो आणि हिशेब बरोबर राहतो. व्हीओसी हा हिशेब बिघडवतात. त्यांच्या विघटनातून तयार होणारे कण नायट्रिक ऑक्साइडचे परस्पर डायऑक्साइड करतात, त्यामुळे ओझोन साचत जातो. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागचे हे रसायन आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास उलगडले. म्हणूनच ओझोन सकाळच्या गर्दीत नव्हे, तर दुपारी वाढतो आणि वाऱ्याबरोबर शहराबाहेरही पोहोचतो. काही ठिकाणी केवळ नायट्रोजन ऑक्साइड कमी केल्यास ओझोन उलट वाढू शकतो. त्यामुळे दोन्ही मोजावे लागतात.

मग आज अडते कुठे?

व्हीओसी हा मणी यांच्या अभ्यासाचा विषय नव्हता. पण या तिढ्यातील ऊन आणि ओझोन मोजण्याची घडी त्यांनी बसवली. तिसरा घटक अजून सामान्यांच्या नजरेआड आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बेंझिनला वर्षाला सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी मर्यादा आहे. मात्र मोबाइलवर दिसणाऱ्या हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या आठ घटकांत व्हीओसी नाहीत. पेट्रोल वाहनाच्या पीयूसी प्रमाणपत्रावरील ‘एचसी’ हा आकडा त्यांच्याशी निगडित असतो, पण तो वाचतो कोण?

मणी १९७६ मध्ये हवामान खात्याच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. नंतरही त्यांनी देशातील सौर आणि पवनऊर्जेच्या नोंदी संकलित केल्या. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. शहराची हवा सुधारायची, तर व्हीओसीची नोंदही तितक्याच काटेकोरपणे आणि सर्वांना दिसेल अशी ठेवावी लागेल.