पेशींची ओळख पटवणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर



शाळेच्या ओळखपत्रावर तुमच्या नावाखाली रक्तगट छापलेला असतो. तो कसा कळतो, असे मी दहावीच्या वर्गात विचारले, तेव्हा लॅबमध्ये कळतो, एवढेच उत्तर मिळाले. म्हणून या अंकात प्रयोगशाळेत आयुष्य वेचलेल्या एका थोर मराठी शास्त्रज्ञाचा परिचय देत आहे.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. त्यांच्या आडनावातले खानोली गाव आपल्या पेडण्याच्या उत्तरेला, वेंगुर्ले तालुक्यात आहे. १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळवली. मुंबईत परतून त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज येथे अध्यापन केले. १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी सांभाळली.

रोगाचे मूळ ते माणसाच्या राहणीत शोधत. कमरेला करकचून बांधलेले धोतर, पेटते टोक तोंडात धरून ओढलेला चुट्टा आणि खैनी यांचा कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी १९४५ साली जगापुढे मांडला. कुष्ठरोगावरील त्यांचे संशोधनही मोलाचे आहे.

त्यांचा आणखी एक विषय म्हणजे रक्तगट. आपल्या रक्तात प्रतिपिंडे असतात. प्रत्येक प्रतिपिंड पेशीवरची एक ठरावीक खूण ओळखते, जशी किल्ली आपलेच कुलूप ओळखते. ए खूण ओळखणारे प्रतिपिंड रक्ताच्या थेंबात मिसळले आणि गुठळ्या दिसल्या, तर त्या पेशींवर ए खूण आहे. याच रीतीने एल. डी. संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतील सहा समाजांचे रक्तगट व इतर आनुवंशिक लक्षणे तपासली. रक्तगटांचे प्रमाण समाजागणिक कमी-अधिक भरते, पण रक्त देताना जात विचारावी लागत नाही. गट जुळला पाहिजे, एवढेच.

हे जुळणे किती नाजूक असते, ते १९५२ साली मुंबईतच दिसले. डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगट शोधला. साध्या तपासणीत हा गट ओ वाटतो, पण अशा रुग्णाला ओ रक्त दिले तर प्राणावर बेतते. पेशीवर एच नावाची खूण नाही, हे योग्य प्रतिपिंड वापरल्यावरच कळते.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे खानोलकर संस्थापक संचालक होते. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांना पद्मभूषण मिळाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

१९७५ साली कोहलर आणि मिलस्टाईन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची पद्धत शोधली. आज अशा प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडून पांढऱ्या पेशींवरची प्रतिकारशक्तीची प्रथिने ओळखतात. रक्ताचा कर्करोग नेमका कोणत्या प्रकारचा, हे त्यावरून ठरते आणि उपचारही त्याप्रमाणे होतात. १९८३ साली टाटा रुग्णालयात भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. त्यातही दाता व रुग्ण यांच्या पेशींवरील खुणा जुळाव्या लागतात.

पालकहो, मुलांचा रक्तगट अंदाजाने लिहू नका, तपासूनच लिहा. आणि मुलांनो, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर रक्तदान अवश्य करा. खानोलकरांसारख्यांच्या परिश्रमाचे मोल त्यातूनच फेडता येईल.

— मुख्याध्यापक