‘वीरधवल’कर्ते नाथमाधव

परीक्षेच्या टिपणवह्यांत नाथमाधवांना फार तर चार ओळी मिळतात. हरिभाऊ आपट्यांवर आम्ही पानेच्या पाने लिहितो आणि नाथमाधवांचे नाव ‘इतर कादंबरीकार’ या मथळ्याखाली उरकून टाकतो. मला मात्र हा माणूस त्या चार ओळींत मावत नाही असे वाटते. म्हणून हा लेख.

त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. स्वतःच्या नावातला ‘नाथ’ आणि वडिलांच्या नावातला ‘माधव’ जोडून त्यांनी टोपणनाव केले, आणि लोक मूळ नाव विसरले. जन्म ३ एप्रिल १८८२ चा, शिक्षण मुंबईत. पुढे मुंबईच्याच तोफांच्या कारखान्यात नोकरी. म्हणजे लेखक होण्याची कुंडलीत कुठे खूण नव्हती. दांडगा उत्साह, शिकारीचा नाद, चारचौघांसारखा संसार, एवढेच भविष्य दिसत होते.

१९०५ साली ते सिंहगडावर गेले ते याच शिकारीच्या नादात. एका कड्यावरून पडले आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. वय अवघे तेवीस. आपल्यापैकी पुष्कळजण एम.ए.च्या वर्गात बसतात ते याच वयात!

इथे थोडे थांबले पाहिजे. आज अशा रोग्यासाठी आधुनिक शस्त्रक्रिया आहे, प्रतिजैविके आहेत. १९०५ मध्ये यातले काय होते? पेनिसिलिनचा शोध लागला तो १९२८ मध्ये. त्या काळी कमरेखाली लुळा पडलेला मनुष्य बहुधा पाठीला झालेल्या जखमा चिघळून किंवा मूत्रमार्गात दोष शिरून थोड्याच अवधीत दगावे. नाथमाधव त्यानंतर तेवीस वर्षे जगले. अठरा महिने ते रुग्णालयात होते. त्या अंथरुणावर त्यांनी हाती येईल ते वाचले आणि उरलेले आयुष्य लेखनात घालवायचे ठरवले. ठरवणे सोपे असते, हे आम्ही विद्यार्थी दर जून महिन्यात अनुभवतोच. त्यांनी मात्र ते पार पाडले. १९०८ साली ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी निघाली.

१९१३ साली आली ‘वीरधवल’. माझे खरे प्रेम हिच्यावर. राजपुत्र, सिंहासन, गोड बोलून गळा कापणारे दरबारी आणि या सगळ्यांतून ठेचा खात शहाणा होत जाणारा नायक, असा हा अद्भुतरम्य मामला आहे. या वाटेने मराठी कादंबरी आधीही चालली होती. लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. हिंदीत देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’ने असेच वेड लावले होते. इंग्रजीतल्या रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्याही तेव्हा आवडीने वाचल्या जात. खुद्द हरिभाऊंची ‘मधली स्थिती’ त्याच्याच एका कादंबरीवरून सुचलेली. परंतु ‘मुक्तामाला’ आज वाचायला घेतली की संस्कृत समासांत पाय अडकतो. ‘वीरधवल’ मात्र हाताला धरून नेते. प्रकरण संपते ते अशा ठिकाणी की दिवा मालवावासा वाटत नाही.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. माझी आजी साठीनंतर प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकली. तिच्यासाठी गावच्या वाचनालयातून मी जी पुस्तके आणली, त्यांतली बोधपर पुस्तके तिने चार पानांत मिटून ठेवली. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचलेले पुस्तक म्हणजे ‘वीरधवल’. जोडाक्षर अडले की ती मला हाक मारी, पण पुढची ओळ मला वाचू देत नसे. कपटी माणूस पानावर आला की नायकाला सावध करी, जणू तो ओसरीवरच बसला आहे. ती माहेरची सिंदखेडराजाकडची. लखुजीराव जाधवांची भव्य समाधी तिने लहानपणापासून पाहिलेली. त्यामुळे दरबारातला दगा तिला कल्पित वाटतच नव्हता. २५ जुलै १६२९ रोजी निजामशहाच्या भर दरबारात, दौलताबादेस, लखुजीरावांना मुलांसह कापून काढले. जिजाऊंचे माहेर एका दिवसात उजाड झाले. आमच्या जिल्ह्याच्या माणसाला राजवाड्यातली कारस्थाने समजावून सांगावी लागत नाहीत.

दोष नाहीत असे नाही. योगायोग फार, चांगले ते अगदी चांगले आणि वाईट ते अगदी वाईट. एक प्राध्यापक अशा पुस्तकांना वेळकाढू वाङ्मय मानतात. त्यांच्याशी माझा नम्र मतभेद आहे. ज्या पुस्तकाने साठ वर्षांच्या बाईला ओळीवरचे बोट काढायला लावले, त्याला वेळकाढू कसे म्हणावे? आणि ज्या माणसाला स्वतःला खोलीच्या दारापर्यंत चालत जाता येत नव्हते, त्याने असे धावते, दौडते जग उभे केले, ही गोष्ट टीकाकाराने निदान नोंदवावी तरी!

शिवाय ते अद्भुतातच रमून राहिले नाहीत. तीन भागांच्या ‘डॉक्टर’मध्ये त्यांनी स्त्रीशिक्षण आणि विधवांचा प्रश्न हाती घेतला. ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’, ‘सावळ्या तांडेल’ ही नावे जुन्या वाचकांच्या तोंडी होती. नंतर आली शिवकालावरची माला : ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’, ‘स्वराज्यातील दुफळी’. ज्या सिंहगडाने त्यांचे पाय नेले, त्याच डोंगरांकडे हा गृहस्थ लेखणी घेऊन पुन्हा गेला. त्यांच्या मनात गडाबद्दल काय होते ते मला ठाऊक नाही, पण पुस्तकांत कडवटपणा सापडत नाही.

२१ जून १९२८ रोजी, सेहेचाळिसाव्या वर्षी, ते वारले.

आजीने आता ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ मागितले आहे. वाचनालयाच्या प्रतीची शेवटची पाने गहाळ आहेत. कोणा वाचकाच्या घरी धड प्रत असल्यास आठ दिवसांसाठी द्यावी. पुस्तकाला कव्हर घालून परत करीन.