पेशींचं गणित मांडणारा माणूस : अ‍ॅलन ट्युरिंग



अ‍ॅलन ट्युरिंग हे नाव आपण संगणकाच्या संदर्भात ऐकलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे सांकेतिक संदेश उलगडणारे गणितज्ञ म्हणूनही ते माहीत असतात. पण एका पेशीपासून सुरू झालेल्या शरीराला आकार कसा येतो, या प्रश्नालाही त्यांनी गणिताने हात घातला होता. आज त्यांचं आयुष्य या बाजूने पाहू या.

अ‍ॅलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आईवडील बराच काळ भारतात आणि अ‍ॅलन व त्याचा मोठा भाऊ इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी, असं त्यांचं बालपण गेलं. दहा वर्षांचा असताना त्याच्या हाती मुलांसाठी लिहिलेलं विज्ञानाचं एक पुस्तक आलं. अंड्यात पिल्लू कसं तयार होतं, अशा गोष्टी त्यात सोप्या भाषेत होत्या. ते पुस्तक त्याच्या मनात कायमचं राहिलं.

१९२३ साली त्याच्या आईने एक चित्र काढलं. शाळेचा हॉकीचा खेळ चालू आहे, आणि अ‍ॅलन मात्र बाजूला वाकून डेझीची फुलं निरखतो आहे! असं मूल आपल्या प्रत्येकाच्या वर्गात एक तरी असतं, नाही का? आपण त्याला लक्ष नसलेलं मूल म्हणतो. खरं तर त्याचं लक्ष असतं, फक्त आपण सांगतो तिथे नसतं.

१९२६ मध्ये तो शेरबोर्नच्या शाळेत दाखल झाला. त्या वेळी देशभर संप होता, रेल्वे बंद होती. तेरा वर्षांचा हा मुलगा सुमारे शंभर किलोमीटर सायकल चालवत शाळेत पोहोचला. शाळेत मात्र त्याच्या अक्षराबद्दल आणि अव्यवस्थितपणाबद्दल तक्रारीच जास्त झाल्या. तिथे जुन्या भाषांना मान होता, विज्ञानाला कमी. १९३० मध्ये ख्रिस्तोफर मॉरकॉम हा जिवलग मित्र आजाराने गेला. त्या दुःखातही त्याने अभ्यास सोडला नाही. पुढे केंब्रिज, आणि १९३६ मध्ये संगणकाच्या सिद्धांताचा पाया घालणारा शोधनिबंध. युद्धकाळात ब्लेचली पार्क येथे एनिग्मा यंत्राचे संदेश उलगडण्याचं काम त्यांनी केलं. ते काम कित्येक वर्षं गुप्तच राहिलं.

१९४८ मध्ये ट्युरिंग मँचेस्टरला आले आणि जुन्या प्रश्नाकडे वळले. सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्याच असतात, मग कुठे ठिपका, कुठे पट्टा, कुठे पाकळी, हे ठरवतं कोण?

त्यांचं उत्तर १९५२ मध्ये प्रसिद्ध झालं. ते वर्गातल्या उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका मुलाने गप्पा सुरू केल्या. गप्पांमुळे गप्पा वाढतात, पण त्या शेजारच्या बाकापर्यंतच पोहोचतात. त्याच गप्पांमुळे कोणीतरी ‘शूऽऽ’ करतं, आणि ते मात्र लांबपर्यंत ऐकू जातं. मग काय होईल? इथे गप्पांचा एक घोळका, मधे शांतता, पुढे पुन्हा एक घोळका. कोणीही आखून न देता वर्गात नक्षी तयार होईल! शरीरात गप्पांच्या जागी एक रसायन असतं आणि ‘शूऽऽ’च्या जागी त्याला आवरणारं, वेगाने पसरणारं दुसरं रसायन. एरवी पाण्यात शाई पसरली की सगळं सारखं होतं. इथे मात्र पसरण्यामुळेच फरक निर्माण होतो. त्यांनी एका कड्यात २० पेशी मांडून मँचेस्टरच्या संगणकावर हे गणित करून पाहिलं.

यात त्यांनी पेशींच्या हालचालीचा आणि ताणाचा भाग मुद्दाम बाजूला ठेवला होता. गणिती प्रतिरूप म्हणजे हेच बघा. सगळं एकदम धरायचं नाही, काय सोडायचं ते ठरवायचं आणि तसं स्पष्ट सांगायचं.

त्याच वर्षी त्यांच्यावर मोठा आघात झाला. ते समलिंगी होते आणि इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्याने तो गुन्हा होता. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना संप्रेरकांचे उपचार स्वीकारावे लागले. सरकारी गुप्त कामाची दारंही बंद झाली. तरी ते सूर्यफुलातल्या बियांच्या रांगांचं गणित मांडत राहिले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषाने त्यांचा मृत्यू झाला. वय फक्त ४१. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला, आईला मात्र तो अपघातच वाटत राहिला. सूर्यफुलाचं काम अर्धवट राहिलं. २००९ मध्ये ब्रिटिश सरकारने माफी मागितली, २०१३ मध्ये त्यांची शिक्षा माफ झाली. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्यांनी बाजूला ठेवलेला भाग पुढच्यांनी हाती घेतला. १९७० मध्ये एव्हलिन केलर आणि ली सेगल यांनी, विखुरलेल्या पेशी रासायनिक खुणेच्या मागे जाऊन एकत्र कशा जमतात, याची समीकरणं मांडली. झेब्राफिश माशाच्या पट्ट्यांत तर रंगपेशी स्वतःच सरकतात, असं दिसून आलं. आपल्या मुलांचा गुडघा खरचटतो ना, तेव्हाही कडेच्या पेशी एकमेकींना धरून घोळक्याने पुढे सरकतात आणि जखम झाकतात. हा घोळका कसा सरकतो, याचं गणित आज जगभर मांडलं जातं.

वर्गासाठी एक छोटा उपक्रम : एक मोठं सूर्यफूल आणा. मधल्या बियांच्या वळणदार रांगा मुलांना डावीकडून आणि उजवीकडून मोजू द्या. बहुतेक वेळा २१, ३४, ५५ असे आकडे मिळतील. असं का, हे लगेच सांगू नका. आणि एखादं मूल मोजणं सोडून नुसतंच फुलाकडे बघत बसलं, तर त्याला थोडा वेळ तसंच बसू द्या.