बिने यांची मोजपट्टी

बुद्धिमापनाच्या कसोटीमुळे ज्यांच्या शिक्षणाची वाट अडली, त्यांत वर्णाने वा भाषेने अल्पसंख्य असलेली असंख्य मुले आहेत. ही कसोटी सिद्ध करणाऱ्या आल्फ्रेड बिने यांचा हेतू नेमका उलट होता, याचे स्मरण मात्र राहिलेले नाही.

बिने १८५७ साली आजच्या फ्रान्समधील नीस येथे जन्मले. कायद्याची पदवी घेऊनही वकिलीत त्यांचे मन रमले नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्यांनी मानसशास्त्राचे अध्ययन केले. शार्को यांच्या हाताखाली त्यांनी केलेले संमोहनाचे प्रयोग सदोष ठरले व ती चूक त्यांना जाहीरपणे मान्य करावी लागली. पुढे सोर्बोनच्या प्रयोगशाळेचे ते संचालक झाले. स्वतःच्या दोन मुलींच्या निरीक्षणातून विचार करण्याच्या रीती माणसागणिक भिन्न असतात, हे त्यांनी जाणले.

१९०४ साली फ्रेंच शासनाच्या समितीवर त्यांची नेमणूक झाली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखावीत कशी, हा समितीपुढील प्रश्न. १९०५ मध्ये थिओडोर सायमन यांच्या साहाय्याने त्यांनी ३० कसोट्यांची श्रेणी रचली. विशेष साहाय्य कोणाला हवे, एवढेच तिने सांगावयाचे होते. बुद्धी जन्मतः अचल असते या मताचा त्यांनी १९०९ च्या ग्रंथात तीव्र निषेध केला. अवधान व स्मरण यांच्या व्यायामाने मुले पुढे नेता येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९११ साली वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी ते निवर्तले.

त्यानंतर मोजपट्टी तीच राहिली, हेतू पालटला. १९१६ मध्ये अमेरिकेत तिची सुधारित आवृत्ती काढणाऱ्या टर्मन यांनी कृष्णवर्णीय व मेक्सिकन मुलांची मंदता वांशिक ठरवून त्यांना वेगळ्या वर्गांत बसविण्याचा पुरस्कार केला. कॅलिफोर्नियातील मतिमंदांच्या वर्गांत कृष्णवर्णीय मुले त्यांच्या संख्येच्या प्रमाणाहून दुपटीने अधिक आढळली. अखेर १९७९ साली न्यायालयाने बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे त्यांना तेथे घालण्यास मनाई केली. २००८ च्या अमेरिकी कायद्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना मान्यताप्राप्त महाविद्यालयीन कार्यक्रमांसाठी सरकारी अर्थसाह्य खुले केले. परंतु ज्याला बालपणीच अभ्यासापासून दूर ठेवले, त्याने तेथवर पोहोचावे कसे?

हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची कसोटी मराठी व कन्नड मुलांसाठी सिद्ध केली. २०१६ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय अपंगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखल्या असून बौद्धिक अक्षमता तीत समाविष्ट आहे. मात्र घरी कोरकू बोलणारे मूल प्रमाण मराठीतील प्रश्नांपुढे अडखळले, तर ती न्यूनता मुलाची की कसोटीची, हे आधी तपासले पाहिजे. आणि जे खरोखरच अक्षम आहे, त्याच्यासाठी राखीव जागेबरोबर सोसवेल असा अभ्यासक्रम आणि त्याची भाषा जाणणारा शिक्षकही हवा. मोजावे ते साहाय्य देण्यासाठी. बिने यांचा आग्रह एवढाच होता.